जिवंतांच्या रकान्यात

त्या शनिवारी वेतुरिया घरातून निघाली ती एक नाव एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवायला. काम दोन मिनिटांचं. पण त्या दोन मिनिटांच्या कामाला तिने सात वर्षं लावली होती, आणि आजही ट्राममध्ये बसल्याबसल्या ती पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरायचा विचार करत होती. शेजारी धाकटी बहीण बसली होती म्हणून बरं. लिओन्तिना शेजारी असली की माणसाला आपल्या मनाने उतरता येत नाही.

"पेन घेतलंस?"

"तिथे असतं की."

"तिथलं दोरीला बांधलेलं असतं, आणि चालत नाही. हे घे." लिओन्तिनाने पर्समधून पेन काढून तिच्या हातात कोंबलं. "आणि खाल्लंस का काही?"

"भूक नाही."

"शनिवारी तुला भूक नसतेच. वसंत ऋतू लागल्यापासून बघतेय. डॉक्टरला दाखव म्हटलं तर तेही नाही."

वेतुरियाने पेन खिशात टाकलं. भूक नसते हे खरं होतं, पण पोट भरलेलं असतं हे ती कुणाला सांगणार? शनिवारी सकाळी जाग येई तीच जेवून उठल्यासारखी, आणि थोड्या वेळाने जिभेवर संत्र्याची चव येई. घरात संत्रं नसे. छासष्टाव्या वर्षी शरीर काहीबाही चाळे करतं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

बुखारेस्टच्या त्या भागात सगळ्या दहामजली इमारती. खाली औषधांचं दुकान, बँक, केकवाला. औषधवाला आणि बँक यांच्यामध्ये एक बोळ आहे. त्यातून आत गेलं की इमारतींच्या पाठी, कचऱ्याचे डबे आणि वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध ते चर्च उभं आहे. एवढंसं. पंचवीस माणसं आली की सव्विसावा बाहेर. पाचशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराने ते बांधलं तेव्हा चहूकडे द्राक्षांचे मळे होते म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी सरकारला रुंद रस्ता हवा झाला, तेव्हा इंजिनियरांनी ते पायासकट उचललं, रुळांवर ठेवलं आणि दीडशे पावलं सरकवून इमारतींच्या मागे लपवलं. चर्च आलं. त्याच्या अंगणात पुरलेले लोक मात्र होते तिथेच राहिले, आणि आता त्यांच्यावर गाड्या उभ्या असतात. त्या पार्किंगमध्ये हिवाळ्यात गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, अशी मोहल्ल्यातली जुनी थट्टा आहे. थट्टा करणारे आपली गाडी मात्र दुसरीकडे लावतात.

तीन पायऱ्या उतरून अंगणात गेलं की उजव्या हाताला पत्र्याचं कपाट. त्यात वाळू, थोडं पाणी, आणि दोन कप्पे: एक जिवंतांचा, एक मेलेल्यांचा. ज्याच्यासाठी मेणबत्ती लावायची, त्याच्या कप्प्यात लावायची. चिठ्ठीचंही तसंच. डावीकडे लाल क्रूस, त्याखाली जिवंतांची नावं. उजवीकडे काळा क्रूस, त्याखाली मेलेल्यांची. आडनाव नाही, हुद्दा नाही, नुसतं बाप्तिस्म्याचं नाव. पाद्री आत वेदीपाशी ती नावं वाचतो, मोठ्याने, एकामागून एक, आणि ज्याचं नाव वाचलं जातं त्याला ते पोचतं. इथल्या लेकरांना अक्षरओळख होते तीच या चिठ्ठ्यांवर.

वेतुरिया सात वर्षं आपल्या मुलाचं नाव लाल क्रूसाखाली लिहीत आली होती. तिबेरियू. घरात तिबी.

तिबी ट्रक चालवायचा. सात वर्षांपूर्वी जानेवारीत, सीमेपलीकडच्या एका घाटात, बर्फात, गाड्या थांबवायच्या जागी त्याचा ट्रक सापडला. इंजिन सुरू. आतली हवा गरम. सीटवर आईने दिलेला डबा उघडा, खिम्याचे वडे अर्धे खाल्लेले, संत्र्याची साल कागदावर नीट गोळा केलेली. जाकीट खुंटीला. माणूस नाही. पोलिसांनी कुत्री फिरवली, बर्फ वितळल्यावर दरी शोधली, आणि मग एक फाइल बंद करून दुसरी उघडली. वेतुरियाला कुणी 'मेला' असं सांगितलं नाही, म्हणून तीही म्हणाली नाही.

पण या लोकांत एक गोष्ट मरणाहून वाईट मानतात, ती म्हणजे हातात पेटती मेणबत्ती नसताना मरणं. माणूस जायला लागला की घरचं कुणीतरी त्याच्या मुठीत मेणबत्ती धरवतं. ती नसली तर पलीकडे तो अंधारात उभा राहतो, आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्या नावाने उजेड पाठवेपर्यंत उभाच राहतो.

लिओन्तिनाने शेवटी तेच बोलून दाखवलं होतं, गेल्या रविवारी, स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता. "तो जिवंत असेल, तर काळ्या रकान्यात लिहिल्याने काही मरत नाही, वेता. पण मेला असेल, तर सात वर्षं तुझ्या हट्टापायी पोरगं काळोखात उभं आहे." मग तिलाच रडू फुटलं. तिला मूलबाळ नव्हतं. निम्मा तिबी तिने वाढवला होता.

म्हणून आजचा शनिवार.

त्या पोचल्या तेव्हा आत प्रार्थना सुरू झाली होती. दाराजवळ मेणबत्त्यांची टपरी, आणि टपरीच्या हातभर खिडकीत सेवास्ता मावशी. तिचं वय कुणाला ठाऊक नाही. चर्च रुळांवरून आलं तेव्हाही ती त्या टपरीतच बसली होती आणि उतरली नव्हती, असं सांगतात. आज गाल सुजलेला, तोंडाला मफलर.

"लवकर लिहा," ती मफलरातून म्हणाली. "जिवंतांची वाचतायत. दाढेने जीव घेतलाय माझा."

वेतुरियाने चिठ्ठी फळीवर ठेवली. उजव्या बाजूला आधी नवऱ्याचं नाव लिहिलं: अंगेल. मग सासूचं: तिन्का. मग पेन तिथेच टेकलं. शाईचा ठिपका मोठा होत चालला. लिओन्तिनाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

आतून फादर गेरासिमचा आवाज येत होता, एकसुरी, थोडा सर्दीचा. जिवंतांची नावं. "पांतेलिमोन... व्हॅसिलिका... अंगेल... तिन्का..." मग तो अडखळला. घसा खाकरला. "...कोर्बू... तिबेरियू..."

वेतुरियाच्या हातातलं पेन खाली पडलं.

अंगेल आणि तिन्का पुष्कळ असतील. तिबेरियूही असतील. पण कोर्बू हे कुणा ख्रिस्ती माणसाचं नाव नाही. कोर्बू म्हणजे तिबीचं काळं, एका कानाचं कुत्रं. तिबी सात वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा स्वतः चिठ्ठी लिहिली, तेव्हा आईबापांच्या खाली त्याचंही नाव घातलं होतं, आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्र्याने भर चर्चमध्ये ते गंभीरपणे वाचलं होतं. बाया तोंडाला रुमाल लावून हसल्या. वेतुरियाने पोराचा कान धरला. "माणसांचीच नावं लिहायची असतात!" तर म्हणतो कसा, "मग त्याच्यासाठी कोण सांगणार देवाला?" पुढे मिश्या फुटल्या तरी चिठ्ठीत कोर्बू असायचाच, आणि कुत्रं म्हातारं होऊन मेल्यावर काळ्या बाजूला गेला.

"तिबी..." वेतुरिया म्हणाली. आणि मग ओरडलीच, "लिओन्तिना, तिबी आलाय! तो इथे आलाय!"

तिने खिडकीतून सेवास्ताचा हातच धरला. कोणी दिली ती चिठ्ठी? केव्हा? कुठे गेला तो? सेवास्ताने तोंडावरचा मफलर खाली ओढला. तिच्या तोंडचा रंग उडाला होता.

"आज गेली होय ती आत..." ती पुटपुटली. "या दाढेपायी... बघितलंच नाही मी."

"आण मला ती."

सेवास्ता उठली, बाजूच्या दाराने आत गेली, वाचून झालेल्या चिठ्ठ्यांच्या टोपलीतून एक घेऊन आली. देताना तिने हात मागे घेतल्यासारखं केलं, पण वेतुरियाने ती ओढून घेतली.

अक्षर त्याचंच. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं, डावीकडे कललेलं, प्रत्येक ओळ शेवटाला वर चढलेली. वेतुरियाने चिठ्ठीचे मुके घेतले. ती हसत होती, रडत होती, अंगणातल्या अनोळखी बायकांना सांगत होती, माझा मुलगा, माझा मुलगा, सात वर्षांनी. एका बाईने तिला मिठी मारली. सात वर्षांत तिच्या जिवाला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा त्या दोन मिनिटांत झाला. पुढे जे व्हायचं ते झालंच, पण ती दोन मिनिटं तिच्याकडून कुणी परत घेऊ शकलं नाही.

लिओन्तिना चिठ्ठी वाचत होती. तिने ती दोनदा वाचली.

"वेता," ती अगदी हळू म्हणाली. "अंगेल लाल बाजूला आहे गं."

"चुकला असेल. घाईत असेल."

"तिन्काही. कोर्बूही." तिने काळ्या क्रूसाखाली बोट ठेवलं. "आणि इथे बघ... इथे तू आहेस. आणि मी."

लाल क्रूसाखाली: अंगेल, तिन्का, कोर्बू, तिबेरियू. काळ्याखाली: वेतुरिया, लिओन्तिना.

"चुकला असेल," वेतुरिया पुन्हा म्हणाली. पण तिबी असल्या बाबतीत चुकणारा नव्हता. संत्र्याची सालसुद्धा गोळा करून ठेवणारा पोरगा.

सेवास्ताने खिडकी आतून ओढून घेतली, बाजूचं दार उघडलं आणि दोघींना टपरीत घेतलं. आत मेणाचा, तुळशीच्या वाळक्या काड्यांचा आणि ओल्या भिंतीचा वास होता. तिघी उभ्या राहिल्या की हलायला जागा नव्हती.

"चर्च सरकवलं ना, तेव्हापासून येतात अशा," सेवास्ता म्हणाली. "अधूनमधून. उलटी लिहिलेली. आधी त्या पार्किंगखालच्यांच्या यायच्या. मग इतरांच्याही यायला लागल्या, इथे बाप्तिस्मा झालेल्यांच्या. मी फादरना देत नाही. जाळते. वाचायच्या नसतात त्या."

"देणारा... दिसतो?"

"खिडकी केवढी आहे बघतेस ना. हात दिसतो."

"कसा आहे हात?"

सेवास्ताने फळीवरचं मेण नखाने खरवडलं. "थंडीने फुटलेला," ती म्हणाली. "वसंत ऋतू लागल्यापासून दर शनिवारी येतो. सगळ्यांच्या आधी. मेणबत्ती घेतो, कप्प्यात लावतो, काहीतरी दान ठेवून जातो."

"कुणाच्या नावाने?"

"तुझ्या, बाई. आणखी कुणाच्या? त्यांना कळलेलं नसतं गं... घरच्यांना हाका मारतात, कुणी वळून बघत नाही. दारात उभे राहतात, कुणी ये म्हणत नाही. मग त्यांची समजूत होते की घरचेच गेले. म्हणून शोक करत फिरतात तुमचा."

वेतुरियाच्या जिभेवर संत्र्याची चव होती. तिने तोंडावर हात दाबला. पलीकडच्यांच्या नावाने दिलेलं त्यांना पोचतं, हे ती जन्मभर मानत आली होती, स्वतः देत आली होती. ते कुणाच्या जिभेवर कसं पोचत असेल, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"आणि हे थांबतं कसं?" लिओन्तिनाने विचारलं.

"घरच्यांनी नाव बरोबर बाजूला लिहिलं आणि आत वाचलं गेलं, की थांबतं. ऐकायला असतात ते. कळलं की येत नाहीत."

"येत नाहीत..." वेतुरिया म्हणाली.

तिने आपली अर्धवट चिठ्ठी घडी करून खिशात घातली, मुलाची चिठ्ठी छातीशी धरली, आणि काहीही न लिहिता ती घरी गेली.

त्या आठवड्यात दोघी बहिणी एकमेकींशी भांडल्या नाहीत, हेच भांडण होतं. लिओन्तिना रोज येई, सूप करून ठेवी आणि जाताना दारात थांबे. "लिहिणार ना?" वेतुरिया म्हणे, "बघू." कसलं बघू! तिने ठरवून टाकलं होतं. सात वर्षं तिच्याकडे काय होतं? एक डबा आणि एक जाकीट. आता दर शनिवारी तिचा मुलगा येत होता. कसाही असो, येत होता. त्याच्या हातचं ती खात होती. एवढं सुख आपल्या हाताने, दुसऱ्याच्या पेनने खोडायचं? कुठली आई खोडेल?

पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली, सगळ्यांच्या आधी. उजाडून तासभर झाला होता पण धुकं इतकं दाट की इमारतींचे वरचे मजले दिसत नव्हते. नुसत्या काही खिडक्यांतले दिवे वर तरंगत होते. कुठेतरी लिफ्टचा आवाज, कुणाचा तरी रेडिओ. ती पत्र्याच्या कपाटाच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंत बर्फासारखी गार होती.

आधी वास आला. डिझेलचा, आणि ओल्या लोकरीचा.

मग टपरीची खिडकी सरकल्याचा आवाज. खिडकीतून सेवास्ताने मेणबत्ती पुढे केली, आणि मान फिरवली. खडीवर पावलं. कपाटातल्या मेलेल्यांच्या कप्प्यात एक मेणबत्ती हळूच वाळूत रुतली आणि पेटली. कपाटासमोर कुणी नव्हतं. धुकं होतं, आणि त्यात माणसाच्या उंचीची एक जागा होती जिथे धुकं नव्हतं.

"आई," तिबी म्हणाला.

सात वर्षांनी तो आवाज ऐकला आणि तिने कपाटाचा पत्रा घट्ट धरला.

"आज पण संत्रंच आहे गं. दुसरं काही मिळत नाही मला." कपाटाच्या कडेवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. "तू खातेस ना?"

"खाते," वेतुरिया कुजबुजली. "खाते रे राजा. मी इथेच आहे."

त्याला ऐकू गेलं नाही. ज्योत तेवढी थोडी हलली.

"तू गेलीस तेव्हा... मी घरी नव्हतो," तिबी म्हणाला. तो रडत होता. लहानपणी रडायचा तसाच, श्वास आत ओढून, आवाज होऊ न देता. "तुझ्या हातात मेणबत्ती द्यायला कुणी होतं का गं? मला कुणी सांगतच नाही. सगळ्यांना विचारलं... कुणी बोलतच नाही माझ्याशी." मग नाक ओढल्याचा आवाज. "तिकडे अंधार नाही ना, आई?"

वेतुरिया कपाटामागून बाहेर आली आणि तिने त्या रिकाम्या जागेत दोन्ही हात घातले. बोटांना गारठा लागला, बाकी काही नाही. ज्याला मांडीवर घेऊन अंधाराची भीती घालवली, ते पोर स्वतः काळोखात उभं राहून तिला विचारत होतं, तुला अंधार नाही ना. सात वर्षं तो तिच्यासाठी जळत होता. ती जिवंत आहे हे त्याला सांगता आलं असतं तर त्याचं रडू थांबलं असतं. आणि ते सांगायचा एकच मार्ग होता, आणि त्या मार्गाने तो मेला आहे हेही त्याला त्याच श्वासात कळणार होतं.

तिला त्याचं मरण सोसलं असतं. त्याचं रडणं सोसवेना.

ती टपरीकडे गेली. सेवास्ताने चिठ्ठी पुढे केली. वेतुरियाने दोरीचं पेन घेतलं. ते चालत होतं. लाल क्रूसाखाली तिने लिहिलं: वेतुरिया, लिओन्तिना. काळ्याखाली: अंगेल, तिन्का, कोर्बू. आणि मग, सावकाश, शाळेत मुलाला गिरवायला देतात तशा मोठ्या अक्षरांत, तिबेरियू.

प्रार्थनेला सातआठ माणसं होती. ती आत गेली नाही. उघड्या दारात उभी राहिली, म्हणजे आतलंही ऐकू येईल आणि अंगणही दिसेल. फादर गेरासिमने जिवंतांची नावं घेतली. "वेतुरिया... लिओन्तिना..." अंगणातली खडी कुणीतरी पाय बदलल्यासारखी वाजली. पुढे बऱ्याच वेळाने मेलेल्यांची. "अंगेल... तिन्का..." फादरने चष्म्यावरून दाराकडे एक नजर टाकली, कपाळाला आठी घातली, पण वाचलं. "कोर्बू... तिबेरियू."

अंगणात सगळं थांबलं. लिफ्ट नाही, रेडिओ नाही.

"हो का..." तिबी म्हणाला.

एवढंच. त्याचा बाप गेल्याचं तिने त्याला सांगितलं, तेव्हा अकरा वर्षांचा तिबी हेच म्हणाला होता, याच स्वरात, आणि मग आईला पाणी आणून दिलं होतं. वेतुरिया दारातच खाली बसली. अंगणात मेलेल्यांच्या कप्प्यातली तिच्या नावाची मेणबत्ती कुणीतरी दोन बोटांनी चिमटून विझवली. मग पावलं तीन पायऱ्या चढून गेली, सावकाश, आणि बोळात ऐकू येईनाशी झाली. ती मोठ्याने रडली. आतले लोक प्रार्थना सोडून बाहेर आले तरी तिचं रडणं थांबेना.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी तिला भूक लागली. सडकून लागली. ट्रामच्या थांब्यावर उभ्याउभ्याच तिने दोन पाव खाल्ले, आणि खाताना डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. लिओन्तिना खूश होती. तिने रात्र जागून मेलेल्याच्या नावाने वाटायचा कोलिवा केला होता, उकडलेल्या गव्हाचा, अक्रोड आणि साखर घातलेला, वर कोकोचा क्रूस काढलेला. सात वर्षांचं एकदम द्यायचं म्हणून परातभर.

"बघ, आता कसं वाटतंय?" ती म्हणाली. "पोराला उजेड मिळाला. तुझी भूक आली."

"हो," वेतुरिया म्हणाली.

फादरने परातीवर प्रार्थना म्हटली, तिबेरियूचं नाव घेतलं, आणि लिओन्तिना द्रोण भरभरून अंगणात वाटायला लागली. लोक तोंडभर खात होते आणि मेलेल्याचे अपराध देव माफ करो म्हणत होते. ऊन पडलं होतं. वरच्या मजल्यावरची एक बाई चादर झटकत होती. वेतुरियाला वाटलं, संपलं. संपलं म्हणून तिचा जीव तुटत होता, पण त्या तुटण्यात थोडी शांतीही होती.

खिडकीतून सेवास्ताने तिला खूण केली. तिच्या गालाची सूज उतरली होती, पण चेहरा उतरलेलाच होता.

"पुन्हा आली," ती म्हणाली. "पहाटे. मी आत दिली नाही."

अक्षर तेच, डावीकडे कललेलं, ओळी वर चढलेल्या. पण या वेळी चिठ्ठी सुलटी होती. काळ्या क्रूसाखाली अंगेल, तिन्का, कोर्बू, आणि त्यांच्याखाली न डगमगता लिहिलेलं तिबेरियू. लाल क्रूसाखाली एक नाव: वेतुरिया. पोराने ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, सगळं नीट लावून ठेवलं होतं. आईचं नाव त्याने जिवंतांत लिहिलं होतं, आणि शेवटच्या अक्षरावर जरा जास्तच वेळ पेन टेकवलं होतं. वेतुरियाने त्या जागेवर अंगठा ठेवला.

मग तिला दिसलं की लाल बाजूला, तिच्या नावाखाली, आणखी एक नाव होतं. ते एका सरळ रेघेने खोडलेलं होतं. आणि उजवीकडे, काळ्या क्रूसाखाली, तिबेरियूच्या खालच्या ओळीत ते पुन्हा लिहिलं होतं, स्वच्छ, चूक दुरुस्त करावी तसं.

लिओन्तिना.

"कुणाची गं ती?" मागून आवाज आला. लिओन्तिना रिकामी परात कमरेला टेकवून उभी होती, गालाला साखर लागलेली, धाप लागलेली.

"अशीच," वेतुरिया म्हणाली. तिने चिठ्ठीची घडी केली, मग आणखी एक घडी केली. "कुणाची तरी राहिलेली."

"चल मग. उद्या ढोबळ्या मिरच्या भाजायच्यात हिवाळ्यासाठी, दोन पोती आणून ठेवल्यात. सकाळी ये लवकर."

"आजच येते. राहायलाच येते तुझ्याकडे."

लिओन्तिना हसायला लागली. "इतक्या वर्षांत हातापाया पडले तरी एक रात्र राहिली नाहीस. आज काय एकदम?"

तीन पायऱ्या चढताना वेतुरियाने बहिणीचं कोपर धरलं, आणि इतकं घट्ट धरलं की लिओन्तिना कळवळली.

"अगं, म्हातारी तू आहेस, मी नाही! सोड की."

"चल, हळूहळू चल," वेतुरिया म्हणाली, आणि तिने कोपर सोडलं नाही.